मु. पो. पाण्याखाली

पुण्यात बाप्पा दहा दिवसांसाठी येतो आणि वाजतगाजत जातो. आमचे बप्पा रोज साडेअकराला यायचे. खाकी सदरा, सायकल, हँडलला पिशवी. ते आले म्हणून कुणी ढोल वाजवत नसे, कारण पिशवीतून लग्नपत्रिका निघते की बँकेची नोटीस, हे कळेपर्यंत माणसं गप्पच असायची. बीडकडे वडीलधाऱ्या माणसाला बप्पा म्हणतात. आमचे बप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. नात्याने ते माझे, पण टपाल वाटायचे म्हणून चार गावांचे.

ते १९७२ साली टपालात लागले. त्या साली पाऊस पडला नाही. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि सुकडी खात होती. त्याच साली १५ ऑगस्टला देशात पिनकोड सुरू झाला. तो ज्यांच्या डोक्यातून निघाला ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, आणि वर संस्कृतचे कवी. बप्पा म्हणायचे, "त्या साली सरकारनं आपल्याला पाणी सोडून समदं दिलं. नंबर बी दिला." आष्टी आणि पाटोदा हे बीड जिल्ह्यातले तालुके, पण त्यांचा पिन नगरसारखा ४१४ने सुरू होतो, हे बप्पांच्या मनाला कायम लागून राहिलं. "माणूस बीडचा, नंबर नगरचा. पोरगी दिल्यावानी झालं."

लागले म्हणजे ते ईडीत लागले. ईडी म्हणजे तेव्हा एक्स्ट्रा डिपार्टमेंटल. खात्याचं काम करायचं, पण खात्यातलं नसायचं. पाहुणे आले की मोठी आई पदर सावरून सांगायची, "आमचे हे ईडीत हायेत." पाहुणे कौतुकाने मान हलवायचे. आज हेच वाक्य पारावर मोठ्याने म्हटलं, तर निम्मं पुढारपण मागच्या दाराने पसार होईल. पुढे २००१ साली ईडीचे ग्रामीण डाक सेवक झाले. पण तोवर बप्पा खात्याची परीक्षा देऊन पक्के पोस्टमन झाले होते. तरी मोठ्या आईने शेवटपर्यंत ईडी सोडली नाही.

आता बप्पांच्या दोन वह्यांबद्दल सांगायला हवं. एक वही त्यांच्या डोक्यात होती आणि दुसरी कापडी पुठ्ठ्याची. डोक्यातली वही पत्रांची. ती साफ खोटी होती.

आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रकात, ट्रॅक्टरात बसून ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे एक कोयता म्हणतात. माणसांची मोजणी हत्याराने होते, पण तो विषय वेगळा. मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि कुत्री. फोन नव्हते तेव्हा कोपीतून पोस्टकार्ड यायचं, तेही दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेलं. ते वाचून दाखवायचं काम बप्पांचं. कार्डावर असायचं की उचल फिटायची लक्षणं नाहीत, धाकट्याला आठ दिवस ताप होता, बैल लंगडतोय, पाडव्याला येणं होईलसं वाटत नाही. बप्पा चष्मा पुसून वाचायचे, "समदे खुशाल हायेत. काम लई हाये, म्हणून यायला उशीर होईल."

म्हातारी कार्ड हातात घेऊन उलटंपालटं करायची. "आन् एवढा कागद भरलाय तो?"

"अक्षर मोठं हाये."

हे वर्षानुवर्षं सुरळीत चाललं. मग गावात मुलींची शाळा नीट भरायला लागली आणि बप्पांवर संकट आलं. तिसरीतली एक पोरगी आजीच्या मांडीवरून वाकून कार्डात बघत होती. ती म्हणाली, "बप्पा, हितं ताप लिहिलंय."

बप्पांनी कार्ड झटकन उलटं केलं. "तुमच्या शाळेत अजून जोडाक्षरं झाली न्हाईत," ते म्हणाले.

'ताप'मध्ये जोडाक्षर कुठलं, हे त्या वयात तिला सुचलं नाही. घरी येऊन बप्पांनी ही गोष्ट आम्हाला सांगितली, तेव्हा त्यांना घाम फुटलेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच घरी एक पुडी औषध नेऊन दिलं. ताप आलेलं पोरगं दोनशे मैलांवर होतं, पण तो मुद्दा त्यांच्या लक्षात आला नसावा.

दुसरी वही माशांची. त्या वहीत बप्पा एक ग्रॅमही खोटं बोलले नाहीत. गळ टाकणाऱ्या माणसाचे दोन हात जगात सगळीकडे एकाच कामी येतात: हुकलेला मासा केवढा होता ते दाखवायला. बप्पांचे हात तसे कधी लांब झाले नाहीत. वीस ग्रॅमच्या वर एक ग्रॅम गेला तर जादा तिकीट लावणाऱ्या खात्यात त्यांचा जन्म गेला होता. मासा पाण्याबाहेर आला की तडफड थांबण्याआधी तो ताणकाट्याला लटकायचा. बप्पा काटा डोळ्यांसमोर धरायचे, श्वास रोखायचे आणि शर्टाच्या खिशातल्या पेनाने वहीत नोंद करायचे. तारीख, ठिकाण, जात, वजन, कुणास दिला, पोच. असे सहा रकाने. हुकलेल्या माशाला रकाना नव्हता. "जे टपाल आलंच न्हाई त्याची नोंद कशी करायची?" असा त्यांचा सवाल होता.

'कुणास दिला' हा रकाना का होता, ते सांगतो. मोठी आई माळकऱ्याच्या घरची. लग्नाच्या बैठकीतच तिच्या वडिलांनी अट घातली होती की जावयाच्या गळ्यात माळ पाहिजे. बप्पांनी माळ घातली आणि मासा खायचा सोडला. गळ मात्र सोडला नाही. त्यांचं म्हणणं, "माळ खाण्याला हाये, बसण्याला न्हाई." एका सप्ताहात कीर्तनकार महाराजांनी कीर्तन थांबवून नाव न घेता या विषयावर चांगला पाऊण तास दिला. गाव वळून वळून बप्पांकडे बघत होतं. महाप्रसादाच्या पंगतीत बप्पांनी महाराजांना हळूच विचारलं, "देवाचा पहिला अवतार कोणता म्हणलात?" महाराज अनुभवी होते. त्यांनी बुंदी वाढून घेतली.

तर मासे घरात येऊ शकत नव्हते आणि बप्पांच्या पोटातही जाऊ शकत नव्हते. मग बप्पांनी त्यांना आपलं जुनं खातं उघडून दिलं, बटवड्याचं. सकाळी सहाला गळ टाकायचा, नऊला उठायचं आणि दहाच्या आत मासे घरोघर पोचवायचे. क्रम तोच, सायकल तीच, पिशवीही तीच. निवृत्तीच्या वेळी खात्याची पिशवी परत द्यावी लागते, म्हणून त्यांनी शिंप्याकडून हुबेहूब तशीच शिवून घेतली होती. मासा दारात द्यायचा आणि वहीत सही घ्यायची. सही येत नसेल तर अंगठा. २०२५ साली सरकारने रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टात विलीन केलं. बप्पांनी माशांपुरतं ते फार आधी केलं होतं. उन्हाळ्यात स्पीड नसेल तर मासा नाकाला कळतो आणि सही नसेल तर शेजारणीला मोठा मिळाल्याची तक्रार येते.

पोच रकान्यातले शेरे मी नंतर वाचले. 'घेण्यास नकार, चतुर्थी.' 'घर बंद, कारखान्याला गेले.' 'घेतला, पण लहान म्हणून कुरकुर.' आणि एके ठिकाणी: 'मांजराने परस्पर घेतला. सही नाही.'

पण खरी गंमत धरणाची.

सिंदफणेवरचं माजलगावचं धरण १९८७ साली पुरं झालं. बप्पांच्या चार गावांपैकी एक गाव अख्खं पाण्यात गेलं आणि दुसऱ्याची खालची आळी गेली. लोकांनी तुळया, दारं, चौकटी काढून बैलगाड्यांतून नेल्या. वर माळावर पुनर्वसनाचे प्लॉट पडले. गावाला जुनंच नाव मिळालं, पण सिंदफणा मिळाली नाही. पत्रं मात्र जुन्याच पत्त्यावर येत राहिली. मुंबईला गिरणीत असलेल्या माणसाला काय ठाऊक, की त्याच्या ओसरीवरून आता रोहू पोहतोय. पत्र परत पाठवायला खात्याचे ठरलेले शेरे असतात: पत्ता अपुरा, मालक सापडत नाही, सोडून गेले, घेण्यास नकार, मयत. 'गाव बुडाले' असा शेरा खात्याने केलेला नव्हता. बप्पा पेन्सिलने कोपऱ्यात लिहायचे, 'मु. पो. पाण्याखाली', आणि वर माळावर जाऊन बरोबर माणसाच्या हातात देऊन यायचे. एकही पत्र त्यांनी परत पाठवलं नाही. हे ते स्वतः कधी बोलले नाहीत. पारावरची माणसं सांगायची.

निवृत्तीनंतर बप्पांनी बसायला जागा निवडली ती नेमकी तीच. धरण पावसाळ्यात भरतं आणि मग उन्हाळ्यापर्यंत उतरत जातं. पाणी जसं उतरे, तसे बप्पा काठाकाठाने गावात आत सरकत. दिवाळीला पांदीत असायचे. संक्रांतीला शाळेच्या जोत्यावर. होळीच्या सुमाराला चावडीपाशी. रस्त्यात कुणी विचारलं, "बप्पा, आज कुठं बसला व्हता?" तर उत्तर यायचं, "सोनाराच्या ओसरीवर." परगावच्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला भ्रम झालाय.

भ्रम कसला, तीच त्यांची विद्या होती. मासा उघड्या पाण्यात राहत नाही. त्याला आडोसा लागतो, कपार लागते. ठेकेदाराची माणसं जाळी टाकून अख्खं धरण ढवळायची, पण आडोसा कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. बप्पांना प्रत्येक भिंत माहीत होती. पंधरा वर्षं त्या भिंतींच्या फटीतून त्यांनी कार्डं आत सारली होती. "मरळ बारवंत राहते," ते सांगायचे. "कटला गढीच्या मागं. वाम देशमुखाच्या बळदात, ते लोक बी तसेच, हाताला लागायचे न्हाईत. चिलापीचं इचारू नगंस, ती गावभर. तिला कायमचा पत्ताच न्हाई."

त्यांचं सामान बघण्यासारखं होतं. वेळूची काठी, तंगूस आणि तरंगा म्हणून मोरपिसाचा देठ. पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचं अभयारण्यच आहे, पण आमच्याकडे शेतातही मोर पिसं टाकून जातात. पिसाचे केस काढायचे, पांढरा देठ वीतभर कापायचा आणि त्याच्या टोकाला शिक्क्याच्या शाईचा लाल ठिपका द्यायचा. ही शाई त्यांनी कुठून आणली, हे आम्ही कधी विचारलं नाही. रोहूसाठी कणकेत शेंगदाण्याची पेंड मळायची. मरळीला बेडकाचं पिल्लू. मरळ मधूनमधून श्वास घ्यायला वर येते. पाण्यावर एक टप्प असा आवाज होतो आणि एक गोल उठतो. तो गोल विरायच्या आत बप्पांचा गळ तिथं पडलेला असायचा. मग काहीच नाही. एक तास, दोन तास. लाल ठिपका, पाणी आणि बप्पांचा उजवा अंगठा, तंगुसावर टेकवलेला. जन्मभर नोटा मोजून मनीऑर्डरी वाटलेला तो अंगठा होता. तंगूस जराही थरथरला तरी त्याला कळायचं.

"कंटाळा कसा येत न्हाई वं?" मोठी आई विचारायची.

"माणसं माझी वाट बघायची तवा त्यांना कुठं कंटाळा यायचा?"

वाट बघायच्या बाबतीत बीड जिल्ह्याशी कुणी स्पर्धा करू नये. नगर-बीड-परळी रेल्वे १९९५च्या सुमाराला मंजूर झाली आणि बीडच्या स्टेशनात गाडी लागली ती १७ सप्टेंबर २०२५ला. बप्पा तेवढे थांबले नाहीत. नाहीतर रुळाशेजारीही त्यांनी एखादा गळ टाकून बघितला असता.

धरणावर मासेमारीचा ठेका असतो आणि राखणदारही असतो. एकदा एक नवा पोरगा काठी घेऊन अंगावर आला. बप्पांनी त्याचं नाव विचारलं, मग बापाचं विचारलं आणि मग त्याच्या आजीची वाचलेली कार्डं एकेक करून सांगायला सुरुवात केली. चौथ्या कार्डाला पोरगा खाली बसला. सातव्याला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातली किती कार्डं खरोखर तशी होती, हे देव जाणे. पण त्या दिवसापासून बप्पांना सकाळी सातचा चहा धरणावरच मिळू लागला.

२०१६ साली धरणं आटली. आमच्या जिल्ह्यात पेपर उघडला की आधी धरणांची टक्केवारी बघतात. त्या उन्हाळ्यात सगळीकडे उपयुक्त साठा शून्य. खाली जे राहतं त्याला मृतसाठा म्हणतात, आणि चिखल बघितल्यावर ते नाव अगदी बरोबर वाटायचं. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. त्याच्यावर लातूर पितं. ते आटलं म्हणून १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. बप्पांनी पेपरातला फोटो बराच वेळ निरखला. "एवढं मोठं पार्सल मी जन्मात बघितलं न्हाई," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "पण पत्ता बरोबर व्हता बघ. पोचलं."

तेव्हा बुडालेलं गाव पुरतं वर आलं. भेगाळलेला गाळ, त्यात जोती, बारवेचा कठडा, मारुतीचा चौथरा. लोक बायकापोरं घेऊन घरं बघायला यायचे. घरं कुणाला ओळखू येईनात, कारण सगळ्यांची जोती सारखीच चिखलाची. मग बप्पांना बोलावणं आलं. पासष्टीचे बप्पा पांढरा सदरा घालून, काठी टेकत, जुन्या बटवड्याच्या क्रमाने निघाले. "हे तुमचं. हे वाण्याचं. हितं पायरी व्हती, जपून." एका जोत्यापाशी दोघे चुलतभाऊ उभे होते. पोरांना घर दाखवून झालं, फोटो काढून झाले आणि मग धाकटा म्हणाला, ही मधली भिंत आमच्या हद्दीत होती. थोरला म्हणाला, आमच्या. भिंत गुडघाभरही उरली नव्हती. तीसेक वर्षं ती पाण्याखाली होती आणि पुढच्या पावसाळ्यात परत जाणार होती. तरी दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. बप्पा गाळात काठी रोवून शांतपणे म्हणाले, "धरणात काई उरलं न्हाई, पण भावकीचा साठा शंभर टक्के हाये." सोडवायला ते गेले नाहीत. त्यांना पुढची आळी वाटायची होती.

आता माझ्याबद्दल. ही गोष्ट टाळता आली असती तर मी टाळली असती.

१९८४च्या उन्हाळ्यात, मी बारा वर्षांचा असताना, सिंदफणेच्या डोहात एक मरळ धरली. बप्पांची काठी, बप्पांचा गळ, बप्पांचा बेडूक. पण ओढली मी. ही मरळ माझ्याबरोबर वाढत गेली. दहावीत ती किलोची होती. पुण्याला कॉलेजात गेल्यावर दीड किलोची झाली. नोकरी लागली तेव्हा दोन भरली असेल. माझं लग्न रत्नागिरीकडच्या घरात ठरलं. सासरे समुद्राकाठचे. त्यांनी साखरपुड्यात सुरमई, हलवा, सरंगा अशी नावं घेत घेत मला सहज विचारलं, "तुमच्याकडे मासे मिळतात म्हणे? गोड्या पाण्यातले? चिखलाचा वास येतो ना?" मराठवाड्याची अब्रू धोक्यात होती. मी हात लांब केले आणि म्हणालो, "तीन किलोची मरळ धरली होती मी. बाराव्या वर्षी."

खोलीत शांतता पसरली. आमच्याकडच्या सगळ्यांनी बप्पांकडे पाहिलं. बप्पांचा शब्द म्हणजे काटा, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. बप्पांनी पेढा संपवला, रुमालाने हात पुसले.

"त्या वक्ताला आमचा काटा दुरुस्तीला दिला व्हता," ते म्हणाले.

ते खरं की खोटं, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही. काही गोष्टी न विचारलेल्या बऱ्या असतात.

बप्पा गेले. माळकरी माणसाला साजेसं, एकादशीच्या पहाटे, झोपेत. दहाव्याला पिंड ठेवून आम्ही मागे वळतो न वळतो तोच कावळा शिवला. भटजी म्हणाले, एवढं लवकर मी पाहिलं नाही. आम्हाला नवल वाटलं नाही. बप्पांचा बटवडा कधी रेंगाळला नव्हता.

वर्षश्राद्धाला सगळे गावी जमलो. रत्नागिरीहून सासरेही आले होते. आता त्यांना ऐकू कमी येतं, पण नेमकं नको ते येतं. मोठ्या आईने ट्रंकेतून वह्या काढून ओसरीवर ठेवल्या, कुणाला हव्या असतील तर न्या म्हणाली. सगळे पानं चाळायला लागले. कुणाची आजी, कुणाचा अंगठा. धाकट्या भावाची मुलगी तिसरीत आहे. आमच्या शाळांनी आता चांगलीच प्रगती केली आहे. तिने १९८४ची वही उघडली आणि बोट फिरवत मोठ्याने वाचायला लागली.

"सात मे. सिंदफणा डोह. मरळ. कुणास दिली, तर काकांचं नाव हाये! ही सही तुमची का हो, काका? एवढी वाकडी?"

मी म्हणालो, हो, आण ती इकडे.

"थांबा की. वजन. तीनशे चाळीस ग्रॅम."

सासऱ्यांनी मान वर केली.

"तुमच्या शाळेत अजून जोडाक्षरं झाली नाहीत," मी म्हणालो.

"हे आकडे हायेत, काका."